पळसाचा केशरी कागदावर उतरवताना: मूळ चित्रावरून दिनदर्शिका, प्रिंट आणि पिशवी छापून घेण्यासाठी मार्गदर्शन

चित्रकार आपल्या चित्रांची दिनदर्शिका, भेटकार्डे किंवा भिंतीवर लावण्याजोगे प्रिंट काढायचे ठरवतो, तेव्हा आपल्याकडे काम सहसा असे पुढे सरकते: चित्र मोबाइलवर टिपले जाते, ते व्हॉट्सॲपवरून छापखान्यात जाते, तिथला ऑपरेटर ते कोरलड्रॉच्या पानावर बसवतो आणि कागद कोणता, आकार किती, प्रती किती यांची चर्चा त्यानंतर सुरू होते. छत्रपती संभाजीनगर, नांदेड, लातूर, परभणी, कुठेही गेले तरी थोड्याफार फरकाने हेच दिसते. छापून आलेले चित्र मळकट, काळवंडलेले किंवा कडांना कापलेले दिसले की दोष छापखान्याला दिला जातो. प्रत्यक्षात त्यातले बरेचसे दोष छपाईच्या आधीच, या उलट्या क्रमामुळे, पक्के झालेले असतात आणि मशीनवर ते दुरुस्त होत नाहीत. हा क्रम सुलटा कसा करावा, ते येथे मांडले आहे.

त्याआधी एक गोष्ट मनाशी स्वच्छ असावी. छापील प्रत म्हणजे मूळ चित्राची हुबेहूब दुसरी प्रत नव्हे. चित्रकाराच्या पेटीत कितीतरी रंगद्रव्ये असतात, काही पारदर्शक, काही दाट, काही चमकणारी. ऑफसेट मशीनवर (धातूच्या प्लेटवरून छापणाऱ्या मशीनवर) मात्र सायन (हिरवट निळी), मॅजेंटा (गडद गुलाबी), पिवळी आणि काळी या चारच शाया असतात आणि त्यांच्या जोडीला कागदाचा पांढरेपणा. एवढ्या साहित्यात चित्र पुन्हा उभे करायचे असल्याने काहीतरी सुटणार, हे निश्चित आहे. काय सुटू द्यायचे आणि काय कोणत्याही परिस्थितीत राखायचे, हे ठरवणे मात्र चित्रकाराच्या हाती असते. म्हणून प्रत्येक चित्रासाठी एक ओळ लिहून ठेवावी: ‘ढगाच्या कडेचा उजेड गेला तर हे चित्र गेले’, किंवा ‘चेहऱ्याचा सावळा रंग लालसर होता कामा नये’. ही ओळ स्कॅनिंग करणाऱ्याला, ऑपरेटरला आणि मशीनमनला, तिघांनाही दाखवता येते. ‘रंग छान आले पाहिजेत’ एवढ्याच सूचनेतून कोणालाच काही कळत नाही.

वस्तू, माप आणि संख्या आधी ठरवावी

कागद ठरावीक मापांत येतो. डबल क्राउन कागद २० × ३० इंचांचा आणि डबल डेमी २३ × ३६ इंचांचा असतो. डबल क्राउनचे दोन भाग केले की १५ × २० इंच होतात आणि भिंतीवरच्या मोठ्या दिनदर्शिकेला हे माप सोयीचे पडते. तथापि मशीनचा ग्रिपर कागदाची साधारण एक सेंटिमीटर कड धरून ठेवतो आणि त्या पट्टीत छपाई होत नाही. शिवाय रंग थेट कडेपर्यंत हवा असेल तर चारी बाजूंना तीन मिलिमीटर ब्लीड द्यावे लागते, जे कटिंगमध्ये निघून जाते. त्यामुळे हाती येणारे पान पूर्ण १५ × २० इंचांचे नसते, ते १४.५ × १९.५ इंचांच्या आसपास धरून चालावे आणि नेमके माप छापखान्याकडून लिहून घ्यावे.

आता चित्राचे माप पाहू. जलरंगासाठी वापरला जाणारा इम्पीरिअल कागद २२ × ३० इंचांचा, म्हणजे त्याचा अर्धा कागद १५ × २२ इंचांचा. दिनदर्शिकेच्या पानावर खालचा भाग तारखांना दिला की चित्रासाठी साधारण १४.५ × ११.५ इंचांची आडवी जागा उरते. अर्ध्या कागदावरचे आडवे चित्र ही जागा पूर्ण भरेल असे बसवले तर त्याचा जवळपास सातवा हिस्सा बाजूंनी कापला जातो, आणि उभ्या चित्राचे हाल तर विचारूच नयेत. बांधावरची बाभूळ किंवा पाण्याकडे निघालेली बाई चित्रकाराने कडेला ठेवलेली असते, ती तिथेच असण्याला कारण असते. कापाकापीत नेमकी तीच जाते. माझे मत स्पष्ट आहे: चित्र कापण्यापेक्षा ते थोडे लहान करावे आणि भोवती पांढरी चौकट सोडावी. चित्र अखंड राहते आणि चित्रापुरता ब्लीडचा प्रश्नही उरत नाही. जे चित्र छपाईसाठीच नव्याने काढायचे आहे, त्यात मात्र चारी बाजूंना अर्धा-एक इंच रंगकाम जास्तीचे करावे आणि सही कडेपासून दोन सेंटिमीटर आत घ्यावी.

प्रतींची संख्या याच वेळी ठरवावी लागते, कारण छपाईची पद्धत तिच्यावर अवलंबून असते. ऑफसेटमध्ये प्लेट आणि मशीन लावण्याचा खर्च शंभर प्रतींना आणि हजार प्रतींना सारखाच पडतो. डिजिटल छपाईत तो जवळजवळ नसतो, पण प्रत्येक प्रतीचा दर उतरत नाही. एक अडचण अनेकांच्या उशिरा ध्यानात येते: डिजिटल मशीनची प्रचलित शीट १३ × १९ इंचांची असते, तिच्यावर १५ × २० इंचांची दिनदर्शिका बसत नाही. म्हणजे पन्नास-शंभर प्रतीच काढायच्या असतील तर वस्तूचा आकारच ए-थ्रीच्या आसपास आणावा लागतो. १००, ३००, ५०० आणि १००० प्रतींचे दर दोन्ही पद्धतींनी मागवले की निर्णय आपोआप सोपा होतो.

चित्र टिपणे

संपूर्ण कामात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हा टप्पा, कारण पुढे कितीही चांगला कागद घेतला तरी टिपताना जे निसटले ते परत येत नाही.

ए-फोरपर्यंतचे, सपाट कागदावरचे चित्र फ्लॅटबेड स्कॅनरवर घ्यावे. स्कॅनर सीसीडी सेन्सरचा आहे की सीआयएस सेन्सरचा, हे आधी विचारावे. सीआयएस स्कॅनर पातळ आणि स्वस्त असतात, परंतु काचेला टेकलेला भागच त्यांना स्पष्ट दिसतो. पाण्याने थोडा लहरलेला जलरंगाचा कागद त्यांच्यावर जागोजागी धूसर येतो. चित्र त्याच मापात छापायचे असेल तर ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) पुरेसे असते, दुप्पट मोठे करायचे असेल तर ६०० डीपीआय लागते आणि शाईच्या बारीक रेघांचे रेखाचित्र ६०० ते १२०० डीपीआयवर घ्यावे. स्कॅनरमधील आपोआप रंग सुधारणे, धार वाढवणे, धूळ पुसणे या सोयी बंद ठेवून फाइल टिफ, म्हणजे तपशील न गमावणाऱ्या, प्रकारात साठवावी. स्कॅनरपेक्षा मोठे चित्र तुकड्यातुकड्यांनी घेता येते; प्रत्येक तुकडा शेजारच्या तुकड्यावर एक-दीड इंच यावा आणि चित्र एकाच दिशेने सरकवावे. ते उलटे फिरवून घेतले तर स्कॅनरचा दिवा कागदाच्या खरखरीवर विरुद्ध बाजूने पडतो, सावल्यांची दिशा बदलते आणि जोड कितीही नीट बसवला तरी उघडा पडतो. उन्हाळ्यात आपल्याकडे घरात धूळ सतत येत असते, म्हणून काच आणि चित्र दोन्ही प्रत्येक वेळी हवेच्या पंपाने साफ करावे. चित्रावर कापड फिरवू नये.

मोठी चित्रे, कॅनव्हास आणि उठावदार रंगलेपनाची कामे कॅमेऱ्यानेच टिपावी लागतात. इथे आधी गणित करावे. १४ × ११ इंचांचे चित्र ३०० डीपीआयने छापण्यासाठी ४२०० × ३३०० पिक्सेल लागतात. १२ मेगापिक्सेलच्या मोबाइलच्या छायाचित्रात साधारण ४००० × ३००० पिक्सेल असतात, म्हणजे कागदावर ते जवळपास पुरतात. मात्र लहान लेन्समुळे कडा वाकतात, आणि फोन स्वतःच्या बुद्धीने रंग भडक करतो ते वेगळेच. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ६००० × ४००० पिक्सेल देतो आणि तेवढ्यात २० × १३ इंचांपर्यंतचे काम निर्धास्त होते. कॅमेरा तिकाटण्यावर घट्ट बसवावा, आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १०० आणि लेन्सचे छिद्र एफ/८ ठेवावे, फाइल रॉ (कॅमेऱ्याने रंग न बदललेल्या) प्रकारात घ्यावी. फाइल पुढे पाठवताना व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवू नये. तिथे ती आकसली जाते. पेन ड्राइव्हने द्यावी किंवा ड्राइव्हची लिंक पाठवावी.

कॅमेरा चित्राला अगदी समांतर असला पाहिजे, नाहीतर चौकोनी चित्र तिरके येते आणि एका बाजूची स्पष्टता कमी होते. यासाठी एक साधी युक्ती आहे. चित्राच्या मध्यावर, रंगाला धक्का न लावता, एक लहान सपाट आरसा टेकवून धरावा आणि कॅमेऱ्यातून पाहावे. आरशात लेन्सचे प्रतिबिंब बरोबर दृश्याच्या मध्यभागी दिसले तर कॅमेरा समांतर आहे. प्रतिबिंब वर सरकलेले असेल, डावीकडे गेलेले असेल, तर त्याप्रमाणे तिकाटणे हलवावे. हे दोन मिनिटांचे काम पुढे संगणकावरची ओढाताण वाचवते.

उजेडासाठी दोन सारखे दिवे चित्राच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांत, सारख्या अंतरावर लावावे. दिवे नसतील तर उत्तरेकडे उघडणाऱ्या ओसरीवर, सावलीत, सकाळी काम करावे. थेट ऊन चित्रावर येऊ देऊ नये. समोरची भिंत गुलाबी किंवा पोपटी असेल तर तिची झाक चित्रावर पडते, म्हणून तिथे पांढरी चादर टांगावी. उजेड सर्वत्र सारखा आहे की नाही, हे पाहण्यासाठी चित्राच्या जागी कोरा पांढरा कागद ठेवून एक छायाचित्र घ्यावे आणि चारही कोपऱ्यांचे आकडे संगणकावर ताडावे. डोळ्याला न दिसणारा फरक इथे दिसतो. पहिल्या छायाचित्रात चित्राशेजारी करडे कार्ड किंवा २४ चौकटींचे रंगकार्ड ठेवले की पुढे रंगाचा तोल बसवायला आधार मिळतो. तैलरंग आणि वार्निश केलेल्या चित्रांवर चमक येते, ती दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर फिल्टर लावून मारता येते. जिथे रंगाचे जाड थर हेच चित्राचे सौंदर्य आहे, तिथे मात्र चमक पूर्ण मारू नये. एका बाजूचा दिवा थोडा प्रखर ठेवला तर थरांची सावली राहते आणि छापील प्रतीतही हाताचा जोर कळतो.

टिपलेली मूळ फाइल दोन वेगवेगळ्या ठिकाणी जपून ठेवावी, आणि हे मी कळकळीने सांगतो. आपल्याच भागातील अजिंठ्याच्या चित्रांचा इतिहास या बाबतीत फार बोलका आहे. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी १८७२ ते १८८५ या काळात लेण्यांत बसून कॅनव्हासवर प्रतिकृती केल्या. त्यांपैकी पुष्कळशा लंडनला साउथ केन्सिंग्टन येथे १८८५ च्या आगीत जळाल्या. त्यांच्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या होत्या. पुढे हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे गुलाम याझदानी यांनी १९३० ते १९५५ या काळात चार भागांत जे प्रकाशन सिद्ध केले, त्याचा आधार हाताने केलेली नक्कल नसून छायाचित्रण हा होता. चित्र विकले गेल्यावर, ते परगावी गेल्यावर किंवा पावसाळ्यात त्याला बुरशी लागल्यावर आपल्याकडे उरते ती ही फाइलच.

रंग कुठे हरवतात

संगणकाचा पडदा लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाने रंग दाखवतो, छपाई चार शायांनी दाखवते, आणि पडद्यावरचे कितीतरी रंग शायांच्या आवाक्याबाहेर असतात. केशरी, ताजा पोपटी आणि अल्ट्रामरिन निळा हे त्यांतले ठळक. फाल्गुनातला पळस रंगवलेले एखादे चित्र घ्या. कॅडमियमच्या केशरीने फुले पेटल्यासारखी दिसतात, पडद्यावरही तशीच दिसतात. फाइल चार रंगांत बदलताच तोच केशरी विटकरी होतो. अशा वेळी फोटोशॉपमध्ये फुलाच्या सर्वांत तेजस्वी भागावर आकडे वाचावे. पिवळी १००, मॅजेंटा ५५-६० असेल आणि सायन १० किंवा १२ टक्के शिरलेली असेल, तर फुलाचा जीव त्या सायनने घेतला आहे, असे समजावे. तेवढ्या भागातून सायन आणि काळी शून्यावर आणावी. एवढ्यानेही मूळ तेज येत नाही, म्हणून दुसरी बाजू सांभाळावी: फुलांच्या मागचे आकाश आणि फांद्या किंचित करड्या, किंचित गार कराव्यात. डोळा रंगाची तुलना शेजारच्या रंगाशी करतो, त्यामुळे मागचे शांत झाले की केशरी पुढे येतो. तरीही समाधान होत नसेल आणि संपूर्ण दिनदर्शिका पळसावरच उभी असेल, तर पाचवी, खास केशरी शाई लावून घ्यावी. खर्च वाढतो, पण अशा कामात तो वाया जात नाही.

निळ्याचे दुखणे वेगळे आहे. अल्ट्रामरिनमध्ये मॅजेंटाचे प्रमाण सायनच्या जवळ गेले की संध्याकाळचे आकाश जांभळे छापून येते. सायन मॅजेंटापेक्षा किमान ३० टक्क्यांनी जास्त राहील, असे पाहावे. अजिंठ्याच्या चित्रांतील बहुतेक रंग माती आणि खडकांचे आहेत, गेरू, पिवळी माती, हिरवी माती, काजळीचा काळा. असे रंग चार शायांत बऱ्यापैकी उतरतात. त्याच चित्रांतला लाजवर्दाचा निळा मात्र छपाईत त्रास देतो, आणि जो कोणी लेण्यांच्या रंगसंगतीवरून नवी चित्रे करतो त्याने हे आधीच ध्यानात ठेवावे.

रूपांतर करण्यापूर्वी छापखान्याला त्यांचे रंगप्रोफाइल, म्हणजे त्यांच्या शाई-कागदावर रंग कसे उतरतात याची फाइल, विचारावे. लेपित (वर गुळगुळीत लेप दिलेल्या) कागदासाठी फोग्रा ३९ हे प्रोफाइल बऱ्याच ठिकाणी चालते. छापखान्याने दुसरे सांगितले तर तेच वापरावे. ते लावून पडद्यावर सॉफ्ट प्रूफ, म्हणजे छपाई कशी दिसेल याचा अंदाज, पाहिले की कोणते रंग हरवणार, ते पैसे खर्च होण्याआधी कळते. त्या वेळी पडद्याचा उजेड कमी केलेला असावा, कारण घरातला पडदा सहसा इतका प्रखर असतो की त्याच्यापुढे कोणताही कागद काळवंडलेलाच दिसणार. छपाईत शाईचा ठिपका कागदावर थोडा पसरतो, त्यामुळे मधल्या छटा गडद होतात. सावल्यांच्या आतला तपशील राखायचा असेल तर मधल्या छटा आधीच थोड्या उजळाव्यात. सर्वांत गडद जागी चारही शायांची बेरीज लेपित कागदावर ३०० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये, नाहीतर शाई वाळत नाही आणि वरच्या शीटच्या पाठीवर डाग उमटतात.

जलरंगाच्या चित्रात आणखी एक बारकावा असतो. कोऱ्या सोडलेल्या कागदाची फिकट पिवळसर छटा स्कॅनमध्ये येते आणि छपाईत तीच तीन-चार टक्के ठिपक्यांची मळकट चादर होऊन सगळ्या चित्रावर पसरते. चित्रातला उजेड त्या कोऱ्या जागेवर उभा असेल तर ती शून्यावर आणावी आणि छापील कागदाचा पांढरेपणाच वापरावा. ही सफाई भिंग लावून, जागा पाहून करावी. सरसकट केली तर आकाशातला सर्वांत हलका ब्रशचा फटकाराही पुसला जातो.

पैठणीच्या काठपदराचे चित्र करणाऱ्यांना जरीचा सोनेरी रंग हवा असतो. चार शायांत सोने नाही; तिथे गेरू, तपकिरी आणि उजळ पिवळ्याच्या चढउतारातून सोन्याचा भास निर्माण करावा लागतो. खरी चमक हवी असेल तर धातूची पाचवी शाई किंवा फॉइल वापरावे. मोराच्या गळ्याभोवतीची एक रेघ किंवा काठाची एक पट्टी, एवढ्यालाच फॉइल दिले तर ते शोभते. सगळ्या पदराला दिले की लग्नपत्रिका वाटू लागते.

कागद

चकचकीत आर्ट पेपरवर रंग उठून दिसतात आणि तैलरंग, ॲक्रिलिक यांना तो मानवतो. जलरंगाला मला मॅट आर्ट पेपर किंवा चांगला, अलेपित, किंचित खरखरीत कागद योग्य वाटतो; अलेपित कागद शाई पितो, रंग बसके येतात, म्हणून त्याच्यासाठी फाइल वेगळी, अधिक उजळ करावी लागते. दिनदर्शिकेच्या पानांना १३० ते १७० जीएसएम (दर चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन) आणि भेटकार्डांना ३०० जीएसएमच्या आसपासचे आर्ट कार्ड पुरते. अतिशुभ्र दिसणाऱ्या कागदात निळसर झाक आणणारी द्रव्ये असतात. मातकट, उबदार चित्रे त्यांच्यावर थंड पडतात. नमुना म्हणून कोऱ्या कागदाचा तुकडा घेऊन तो मूळ चित्राशेजारी दिवसाच्या उजेडात धरून पाहावा. मॅट लॅमिनेशनने सावल्या थोड्या फिक्या होतात आणि त्यावर ओरखडे चटकन दिसतात, हेही लक्षात असू द्यावे.

संग्राहकांना विकण्याचे, थोड्या संख्येचे प्रिंट हा वेगळा प्रकार आहे. त्यांच्यासाठी रंगद्रव्याच्या शाईचा इंकजेट प्रिंटर आणि आम्लरहित सुती कागद लागतो. ही सोय जवळ नसेल तर पुणे किंवा मुंबईहून करून घ्यावी. दिनदर्शिका मात्र शक्यतो जवळच्या छापखान्यातच द्यावी, कारण मशीनजवळ उभे राहता येणे हा फायदा थोड्याशा स्वस्त दरापेक्षा मोठा आहे.

तारखा, तिथी आणि देवनागरी अक्षरे

बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत, शंभर टक्के काळ्यात ठेवावा. तो चार रंगांतून बनवलेल्या काळ्यात गेला आणि मशीनवर एखादी प्लेट केसभर सरकली, की तिथीची अक्षरे दुहेरी दिसू लागतात. गडद पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांचा मोह टाळावा: वेलांटी, रफार आणि अनुस्वार शाईने भरून येतात, पातळ शिरोरेघ तुटते. असे करावेच लागले तर अक्षर ठळक आणि दहा पॉइंटांहून मोठे घ्यावे. युनिकोडमधला मजकूर जुन्या फाँटमध्ये बदलताना जोडाक्षरे फुटतात, म्हणून फाइल छापखान्याला देण्यापूर्वी सर्व अक्षरे कर्व्हमध्ये, म्हणजे फाँटवर अवलंबून नसलेल्या आकृत्यांत, बदलावी आणि वाचन पडद्यावर न करता छापील प्रूफवर करावे. ‘चतुर्थी’चा रफार एका घरात निसटला तरी तो हजार भिंतींवर वर्षभर दिसतो.

प्रूफ आणि मशीन

रंगीत डिजिटल प्रिंटला अनेक ठिकाणी प्रूफ म्हणतात, पण तो टोनरचा प्रिंट असतो आणि ऑफसेटच्या शाईशी त्याचे नाते सैल असते. मांडणी, मजकूर, कापणी तपासायला तो पुरेसा आहे. रंग मान्य करायला नाही. रंगासाठी प्रोफाइलवर बसवलेल्या इंकजेट प्रिंटरचे प्रूफ मागावे आणि ते मूळ चित्राशेजारी ठेवून, दुकानातल्या दिव्याखाली नव्हे, तर बाहेर सावलीत पाहावे. काही रंगजोड्या एका दिव्याखाली सारख्या आणि दुसऱ्याखाली वेगळ्या दिसतात. मान्य केलेल्या प्रूफवर तारीख घालून सही करावी. पुढे मशीनवर तेच प्रमाण राहते.

आता एका महत्त्वाच्या गोष्टीकडे येतो, जी चित्रकारांना सहसा कोणी सांगत नाही. खर्च वाचवण्यासाठी एका मोठ्या शीटवर दोन, चार, कधी आठ चित्रे एकत्र लावली जातात. ऑफसेट मशीनवर शाईचे प्रमाण पट्ट्यापट्ट्यांनी कमीजास्त करता येते, आणि प्रत्येक पट्टी कागद ज्या दिशेने मशीनमधून जातो त्या दिशेने, शीटच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाते. त्यामुळे एकामागे एक आलेल्या दोन चित्रांपैकी पळसाच्या चित्रात मॅजेंटा वाढवली, तर त्याच पट्टीतल्या गोदाकाठच्या निळ्या पहाटेतही ती वाढते आणि पहाट जांभळी होते. मशीनमन कितीही कसबी असला तरी इथे तो एकालाच वाचवू शकतो. यावर उपाय प्लेट काढण्याआधीच करावा लागतो: शीटची मांडणी मागून घ्यावी, उष्ण रंगांची चित्रे एका पट्टीत आणि थंड रंगांची दुसऱ्या पट्टीत येतील अशी अदलाबदल सुचवावी. यासाठी वेगळा पैसा लागत नाही, आधी सांगावे मात्र लागते.

छपाईच्या दिवशी शक्य असेल तर स्वतः हजर राहावे. सुरुवातीच्या शीट वेस्टेजमध्ये जातात, त्यांवरून मत बनवू नये. रंग स्थिर झाल्यावर एक शीट काढून आधी भिंगाने कडांच्या रजिस्टर खुणा पाहाव्यात, चारही रंगांच्या रेघा एकावर एक बसल्या आहेत का ते तपासावे, आणि मग चित्राकडे वळावे. मशीनमनशी बोलताना ‘जरा उठाव द्या’ असे न म्हणता ‘या चेहऱ्यात लाल जास्त आहे’, ‘सावलीत काळी भरते आहे’, असे जागा दाखवून सांगावे आणि सुरुवातीला लिहिलेली ती एक ओळ समोर ठेवावी. मान्य झालेल्या शीटवर सही करून दोन शीट आपल्याकडे ठेवाव्यात. पुढच्या वर्षी पुनर्मुद्रण करताना त्यांच्याइतका उपयोग कशाचाच होत नाही. दिवाळीपूर्वी छापखाने कामाने गजबजलेले असतात आणि तेव्हा मशीनजवळ उभे राहायला कोणी वेळ देत नाही. त्यामुळे दिनदर्शिकेच्या फाइली गणपतीपर्यंत तयार असाव्यात.

कापडी पिशवी आणि मग

कागदासाठी केलेली फाइल कापडावर तशीच चालत नाही. सब्लिमेशनची (उष्णतेने शाई वस्तूत उतरवण्याची) छपाई पॉलिएस्टरवर आणि लेप दिलेल्या मगवर बसते, सुती कापडावर नाही. सुती पिशवीसाठी डीटीएफ फिल्म (फिल्मवर छापून उष्णतेने कापडावर चिकटवायची पद्धत) वापरता येते, पण मोठ्या चित्राला ती हाताला प्लॅस्टिकसारखी लागते. सुती पिशवीसाठी मला स्क्रीन प्रिंटिंगच सर्वांत योग्य वाटते. त्यासाठी चित्रकाराने ते चित्र तीन-चार सपाट रंगांत नव्याने रेखाटावे, फार बारीक रेघा टाळाव्यात आणि प्रत्येक रंगाची वेगळी स्क्रीन लागते हे धरून हिशेब करावा. जलरंगाच्या वितळत्या छटा जाळीतून ओढण्याचा हट्ट धरू नये. मगवर चित्र कान सोडून गोल फिरते, तेव्हा मुख्य आकृती मध्यावर न ठेवता, कान उजव्या हातात धरल्यावर समोर येणाऱ्या बाजूला घ्यावी.

हक्क आणि फाइल

चित्र विकले म्हणजे ते छापण्याचा हक्क विकला, असे होत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हा हक्क लेखी हस्तांतर झाल्याशिवाय चित्रकाराकडेच राहतो आणि त्याच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. एक अपवाद नीट समजून घ्यावा: कोणी मोबदला देऊन त्याच्या सांगण्यावरून चित्र काढून घेतले असेल आणि वेगळा करार नसेल, तर पहिला हक्क काढून घेणाऱ्याचा ठरतो. म्हणून एखाद्या बँकेने किंवा संस्थेने दिनदर्शिकेसाठी चित्रे मागवली, तर काम हाती घेण्यापूर्वीच कागदावर लिहून घ्यावे. करारात कोणत्या वस्तूसाठी, किती प्रतींसाठी, किती काळासाठी आणि कोणत्या प्रदेशासाठी परवानगी दिली, हे चारही मुद्दे असावेत. काळ लिहिलेला नसेल तर कायदा तो पाच वर्षे मानतो आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर संपूर्ण भारत.

छापखान्याला पूर्ण मापाची टिफ फाइल देऊ नये. ठरलेल्या वस्तूच्या मापाची, ब्लीडसह तयार केलेली पीडीएफ द्यावी, आणि काम झाल्यावर फाइल व प्लेट दुसऱ्या कोणत्याही कामासाठी वापरणार नाही, अशी एक ओळ बिलावर छापखान्याच्या सहीने लिहून घ्यावी.